उणे एक

मे महिना. धंतोलीतली शाखा.
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास
आणि टेबलावर माझी फाईल, माझ्याआधी जाऊन बसलेली.
हेडाऊ साहेब स्क्रीनकडे पाहत म्हणाले,
"मॅडम, तुमचा स्कोअर येऊन नाही राहिला."
मग चष्मा कपाळावर सरकवून,
"म्हणजे, येऊन राहिला. पण उणे एक."

शून्य मला समजलं असतं.
शून्याचा दगड तर आपल्याच गावात आहे,
तिथून कुठेही जाता येतं,
मीही गेलेच होते.
पण उणे एक मैल
कुठल्या रस्त्यावर लागतो?

लिमरिकमध्ये नऊ वर्षं
रात्रपाळ्या करून दर एक तारखेला भाडं भरलं.
बाबा गेले त्या महिन्यातही,
विमानतळावरच्या खुर्चीत बसून, फोनवर अंगठा दाबून.
ते सगळं तिकडे राहिलं.
बॅगेतल्या लोकरी कोटासारखं:
आणलाय खरा,
पण नागपुरात घालणार कधी?

"कधीच कर्ज नाही घेतलं?"
त्यांनी असं विचारलं, जसं मी पेशंटला विचारायचे,
लहानपणी गोवर येऊन गेला का.
नाही. कार्ड नाही, गाडी नाही,
मिक्सरचासुद्धा हप्ता नाही.
बाबा म्हणायचे, पोरी, पत सांभाळ.
फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये जन्म काढला त्यांनी,
कुणाचे पाच रुपये रात्रभर ठेवले नाहीत.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं
की पत न घेणाऱ्याला मिळत नाही,
आधी थोडं बुडून दाखवावं लागतं.

"एक काम करा," साहेब म्हणाले.
"एफडीवर छोटं कार्ड घ्या. सहा महिने काहीबाही घेत राहा, फेडत राहा."
तर मी साबण घेतला उधारीवर.
तूरडाळ, खोबरेल, आईच्या गुडघ्याचा पट्टा.
जवळ पैसे असताना उधार घ्यायची लाज
आधी वाटली, मग सवय झाली.
दिवाळी झाली. बर्डीवर संत्र्यांच्या गाड्या लागल्या
आणि एका सकाळी फोनवर आकडा उगवला: सातशे एकतीस.
मी आईला दाखवला.
तिला वाटलं, शुगर आहे.

मधल्या काळात ब्रिजिडचं पत्र आलं,
माझी तिकडची घरमालकीण, ब्याऐंशी वर्षांची.
निळ्या शाईत चार ओळी:
ही मुलगी भाडं वेळेवर द्यायची
आणि माझ्या मांजरीला औषध पाजायची, जे कुणाला जमत नसे.
हेडाऊ साहेबांनी ते दोनदा वाचलं.
"याला फाईलमध्ये रकाना नाही," म्हणाले
आणि पंच करून लावलं,
नासुप्रच्या आरएल लेटरच्या मागे.

आल्यापासून सगळे एकच विचारत होते.
मावशी, चुलतभाऊ, गोकुळपेठेतला भाजीवाला
भाव सांगायच्या आधी:
"मंग, वापस कधी चालली?"
मी हसायचे. मलाही नक्की ठाऊक नव्हतं,
रिकामी बॅग मी पलंगाखालीच ठेवली होती.

बँकेनं मात्र विचारलं नाही.
तिनं लिहून घेतलं:
दोनशे चाळीस महिने, दर पाच तारखेला,
ही बाई इथेच असेल.
एकसष्टाव्या वर्षापर्यंत कुणीतरी
माझी वाट पाहणार होतं, तेही व्याजासकट.
मी प्रत्येक पान वाचलं,
कर्जदाराचा मृत्यू झाल्यास, तेसुद्धा.
"कोणी वाचत नाही, मॅडम," साहेब म्हणाले,
त्यांची टिफिनची वेळ टळून गेली होती.
"तारण" या शब्दावर माझं पेन थोडं थांबलं.
कोण कुणाला तारणार, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.
सही केली. बत्तीस ठिकाणी.

बेसा, तिसरा मजला, डिसेंबर.
नळाला पाणी, भिंतीला चुन्याचा वास, बाकी काही नाही.
फरशी इतकी गार
की आईला टेकता येईना.
मी कोट काढला बॅगेतून, अंथरला.
ती बसली, हातानं चाचपून पाहिला,
"चांगला आहे," म्हणाली,
"एवढे दिवस दिला काहून नाही?"