डावा हात, बेचाळीस दिवसांनंतर

प्लास्टर कापलं तेव्हा आत
भलत्याच कुणाचा तरी हात होता.
पांढुरका, साल सुटलेला, दंड काटकीसारखा.
मी म्हटलं, हा माझा नव्हे.
कंपाउंडर हसला. रोज ऐकत असणार.

चोवीस वर्षं माग चालवले या हातानं
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
बारा तासांची पाळी, टॉवेल, चादरी, पुन्हा टॉवेल.
आणि दीड महिना नुसता पडून राहिला
तर सगळी कमाई विकून खाल्ली त्यानं.
देहाचा हिशेब शेठजींपेक्षा कडक:
काम नाही, मांस नाही.

तरन्नुम मॅडम पिवळा रबरी चेंडू देतात.
दाबा. सोडा. दाबा.
दहाव्या वेळी बोटं थरथरतात,
व्होल्टेज पडल्यावर बल्ब थरथरतो तशी.
त्या सांगतात, स्नायूला एकच येतं, ओढायचं.
ढकलणं त्याला ठाऊकच नाही.
तुम्ही दार ढकलता तेव्हाही
आत कुणीतरी ओढतच असतं.
हे मी रिक्षात तीनदा मनाशी म्हटलं,
आणि उतरायचं विसरलो.

एकदा म्हणाल्या, तुम्हा विणकरांना काय सांगायचं,
आतही धागेच, एकमेकांत सरकणारे.
कामानं बारीक बारीक उसवतात,
रात्री झोपेत सांधले जातात, थोडे जाड होऊन.
मी म्हटलं, मॅडम, सूत तसं नसतं.
ताण्यावर रोज ताण पडला की ते झिजतं.
तुटतं, मी गाठ मारतो, गाठ गाठच राहते.
काम करून जाड झालेलं सूत
चोवीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.
त्या जरा गप्प झाल्या.
खरंय, म्हणाल्या. चेंडू दाबा.

पहिल्या आठवड्यात पाण्याचा तांब्या.
मग किलोभर शेंगदाण्याची पिशवी, कोपरापर्यंत, सावकाश.
संध्याकाळी हात आंबतो.
आंबलेलंच तर फुगतं, भाग्यलक्ष्मी म्हणते
डोशाच्या पिठावर ताटली झाकताना.
मेल्लगा, म्हणते. मेल्लगा.
तेलुगूत हळू म्हटलं की जरा जास्तच हळू वाटतं.

प्रवल्लिका रोज शाळेतून आली की दंड चाचपते:
बाबा, बेटकुळी आली?
नाही अजून.
मेली का?
मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश,
तलावाकाठची माती तडकलेली.
मी सांगतो, बेडकं आत्ता जमिनीखाली असतात, बाळा,
मेलेली नसतात.
मॅडमही असंच काही म्हणाल्या होत्या,
एकदा मोठा झालेला स्नायू
ते मोठेपण पुरतं विसरत नाही म्हणे.

भाग्यलक्ष्मी दिवसाला हजार विड्या वळते.
पान, कात्री, तंबाखू, दोरा. पान, कात्री.
मला बेचाळीस दिवस मिळाले.
तिच्या अंगठ्याला लग्नापासून
बेचाळीस तास मिळाले असतील, तेही सुटे सुटे.
त्याच्या बुडाशी गोळा धरलाय,
झोपेतही तो मूठ उघडत नाही.
सोडायलाही ताकद लागते, मॅडम म्हणाल्या होत्या,
स्नायू आखडतो तेवढंच त्याला सैल व्हायलाही
खर्चावं लागतं.
हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

आज चेंडू सापडेना. प्रवल्लिकानं खेळायला नेला.
मी म्हटलं, तुझा हात दे.
कशाला?
दे तर.
दाबला. सोडला. दाबला.
तंबाखूचा वास, आणि कातड्याखाली
आवळासुपारीएवढं काहीतरी टणक.
दहाव्या वेळी माझी बोटं थरथरली.
एवढ्यात? ती म्हणाली.
अकराव्या वेळी तिनं डोळे मिटले.
मांडीवर सूप तसंच.
अजून सातशे बाकी होत्या.