चढ आला की उतरायचं

झिंगरूजींच्या सायकलरिक्षात आम्ही अकरा जणी.
गादीवर मोठ्या, समोरच्या फळीवर लहान,
मागच्या आकड्यांना दप्तरं, हँडलला पाण्याच्या बाटल्या,
आणि मी, रोज उशिरा येणारी,
पायदानावर, पाठ त्यांच्या सीटला टेकवून.

अजनीचा पूल आला की ते एवढंच म्हणायचे,
"उतरा बाई, चढ आला."
फळीवरच्या दोघी बसून राहत.
बाकी नऊ जणींचे हात पत्र्याला.
खालून मालगाडी जायची, पूल थरथरायचा,
वंदना डबे मोजायच्या नादात ढकलणं सोडायची
आणि मागे न बघताच झिंगरूजी विचारायचे,
"कोयसा घरी नेता का वंदनाबाई?"

उतारावर ब्रेक कमी, घंटी जास्त.
डिसेंबरात मफलरमधून फक्त डोळे बाहेर,
तेही पाण्यानं भरलेले.

मग चौकात पांढरी व्हॅन आली.
एकेक आई म्हणाली, "पोरी लवकर पोचतात हो."
माझीही म्हणाली.
झिंगरूजी आठवडाभर एकट्या सुलभाला नेत राहिले,
तेव्हाही अकरा जणींच्याच वेळेला निघून.
पुलावर ती उतरायची का,
मी विचारलं नाही.
मार्चमध्ये त्यांच्या रिक्षात कूलर दिसला,
नव्या वाळ्याच्या ताट्यांचा, दोरीनं बांधलेला.
मी व्हॅनच्या काचेआड खाली वाकले,
बुटाची नाडी बांधल्यासारखी.

लेकीला मी लुनावर नेलं.
पुलावर लुना धापा टाकायची,
मागून आवाज यायचा, "आई, उतरू काय?"
"चूप बस," म्हणायचे मी,
आणि घरी येईपर्यंत ते मला टोचत राहायचं.

नात आता बसनं जाते.
कमरेला पट्टा, खिडकीला जाळी,
माझ्या फोनवर नकाशा, नकाशात पिवळा ठिपका.
ठिपका घंटी वाजवत नाही.
कोण उशिरा आलं, ते सांगत नाही.

मंगळवारी तो पुलावर थांबला.
सात बावीस. सात सव्वीस. सात एकतीस.
लेक ऑफिसातून म्हणाली, "ट्रॅफिक असेल गं."
असेल.
मी ओट्यापाशी, हाताला कणीक.
तसंच बोट काचेवर टेकवलं
आणि ठिपक्याला मागून
थोडा जोर दिला.

पूलच सरकला अख्खा,
ठिपका त्याच्यासकट.