तांब्याभर नळाचं पाणी

मंगळवारी आचऱ्याहून खुबे आले,
ओल्या गोणपाटात, एसटीनं, गगनबावड्याचा घाट चढून.
द्रौपदी तारींनी कांदळवनात गुडघाभर उतरून
मुळांखालच्या चिखलातून चाचपून काढलेले.
सोबत चिठ्ठी: चाळीस आहेत. दोन फुटलेत, ते पैशात धरू नका.

सत्तावीस वर्षं मी ह्या प्रयोगशाळेत काप काढतो.
मेणात बसवलेला मांसाचा ठिपका, पातं, चाक,
आणि सात मायक्रॉनची फीत
कोमट पाण्यावर सोडायची, श्वास धरून.
खुबा नर की मादी, बाहेरून कुणाला कळत नाही.
चिरावं लागतं.
मग जांभळ्या-गुलाबी रंगात
मादीची अंडी दिसतात, दाटीनं, एकमेकांना कोपरं लावून;
नराच्यात नुसता शेपट्यांचा भोवरा.
एकदा एकाच अंगात दोन्ही दिसलं,
मी काच पुसून परत बघितली.

यंदा कुडतरकर मॅडमना पिकलेले हवे होते,
भरलेले, सोडायच्या बेतात.
बुधवारी रात्री बादलीतलं पाणी उतरलेलं वाटलं
म्हणून तांब्याभर नळाचं ओतलं.
एवढंच केलं मी.

सकाळी बादली ताकासारखी पांढरी.

खाऱ्यात गोडं मिसळलं,
त्यांना वाटलं खाडीला लोंढा आला.
एकानं सोडलं, त्याच्या चवीवर दुसऱ्यानं,
रात्रभर, इथं सागरमाळावर,
जिथं सागर फक्त पत्त्यात आहे.

मॅडम ओरडतील वाटलं.
त्या बादलीशी उकिडव्या बसल्या,
एक थेंब काचेवर घेतला.
“वाघमोडे, या. बघा.”
केसाळ, गोल, गरगर फिरत होतं काहीतरी.
अजून शिंपला नाही, नर नाही, मादी नाही,
फिरणं तेवढं आलेलं.

वहीत त्यांनी लिहिलं:
अडतीसपैकी एकतीस रिकामे.
कारण: परिचर.
मग ‘परिचर’ खोडून ‘क्षारता’ लिहिलं.

संध्याकाळी बादली धुवायला माझ्याकडं आली.
मोरीपाशी थांबलो.
मोरी गटाराला, गटार जयंती नाल्याला,
नाला पंचगंगेला, वाडीला कृष्णा,
आणि कृष्णा जाते पूर्वेला,
भलत्याच समुद्राला.
गोड्या पाण्यात ही पोरं नाल्यापर्यंतसुद्धा टिकत नाहीत,
ठाऊक आहे मला.
तरी बादली उपडी करायच्या आधी
मूठभर मीठ टाकलं त्यात,
वाटखर्चाला.