तिसरा नमुना

शिझुओका, जानेवारी. हीटरवर किटली.
कारखान्यातून पुडकं आलंय. खोका नाही, चित्र नाही,
रंगही ठरलेला नाही अजून,
उरल्यासुरल्या दाण्यांचा कुठलातरी राखाडी,
तांदळाच्या धुवणात शाई पडल्यासारखा.
आत अकरा चौकटी आणि ओइशीची चिठ्ठी :
कुरेबायाशीबाई, सोमवारपर्यंत. खरं लिहा.

खरंच लिहिते मी.
म्हणून तर निवृत्तीनंतरही मलाच पाठवतात.

पहिला काप लांबून, दुसरा अंगालगत.
घाई केली की प्लास्टिक पांढरं पडतं
घाबरलेल्या माणसाच्या ओठासारखं,
मग कितीही घासा.
चौतीस वर्षं साच्यांच्या खात्यात काढली,
तरी आज ब-सतरा चिमटीतून उडाला
आणि थेट फ्रिजखाली.
फूटपट्टीनं ओढून काढला. सोबत एक वाळका वाटाणा
आणि तादामासाच्या सदऱ्याचं बटण आलं,
ज्यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

लिहिलं : भाग फार बारीक. हरवण्याजोगा.

दुपारपर्यंत दोन्ही हात झाले.
कोपराला दोन सांधे, मूठ पार खांद्याला टेकते.
माझा उजवा खांदा ऑक्टोबरपासून आखडलाय,
वरच्या फळीवरचा चहाचा डबा
मी हल्ली स्टुलावर चढून काढते.
याचा हात सरळ वर गेला, कानाच्याही मागे,
टक्, टक्, टक्, तीन खाचांत.
मी जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

लिहिलं : खांदा उत्तम. आवाज जास्त.

खुब्यात मात्र घोळ आहे.
गोळा वाटीत बसतो, पण बसल्यावर डुगडुगतो,
नव्या घरातल्या सुनेसारखा अर्धा टेकलेला.
साचा घासताना ओइशीनं केसभर जास्त काढलंय.
त्याची नजर उतरत चाललीय.
त्यानं हे कुणाला सांगितलेलं नाही.
मला पोलादावरून कळतं.

छापील यादीतल्या पोझ, एकेक करून :
तलवार उगारून धाव. पडला.
एका गुडघ्यावर बसून नेम. पडला,
पण बंदूक सुटली नाही हातातून, अंगठ्याला शाबासकी.
स्टँडवर उड्डाण. जमलं,
स्टँडवर काय, माझी किटलीही उडेल.

रात्री तादामासानं मिकान सोलता सोलता
न विचारता त्याला उचललं,
टीव्हीवरची नजर न काढता
इकडून तिकडून वाकवलं, आणि सालींच्या शेजारी ठेवून दिलं.
भार सगळा डाव्या पायावर,
उजवा गुडघा किंचित सैल,
कंबर एका अंगाला, मान त्याच्या उलट.

आणि तो उभा राहिला.
बाहेरून ट्रक गेला, कपबशा वाजल्या,
हा तसाच.
रात्रपाळी संपवून फाटकाशी बसची वाट बघणारा,
हातात रिकामा डबा, कुणाशी बोलायचं नाही असा.
ओळखीचं होतं ते उभं राहणं.
खुबा घट्ट असता तर
कंबर अशी कललीच नसती.

तक्त्यात यासाठी रकाना नाही.
गुण कशाला द्यायचे, दमण्याला?
शाईचं पेन बराच वेळ उघडंच राहिलं,
मग लिहिलं ते खरंच :
खुबा ढिला. साचा दुरुस्त करावा.
समासात, बारीक अक्षरात : घाई नको.

पाकीट चिकटवण्याआधी ओइशीला फोन लावला.
स्टेशनजवळचं ते चष्म्याचं दुकान
अजून चालू आहे का, एवढंच विचारलं,
माझ्यासाठी म्हणून.
तिकडून आधी टीव्हीचा आवाज आला,
मग तोही कुणीतरी बंद केला.
"खुबा ना?" तो म्हणाला.

"खुबाच," मी म्हटलं. "पण दुकान सांग."