तीन ळ

देगलूर रोडला, आडतीची दुकानं संपतात तिथं,
एका गिरणीच्या भिंतीवर ओळ आहे:
येथे दळण दळून मिळेल.
दस्तगीर पेंटरनं लिहिली.
मी डबा धरून उभा होतो,
पांढऱ्यात जवसाचं तेल कालवत.

ओळीत तीन ळ. तिन्ही वेगळे.
पहिला जरा तोंड उघडून,
वरून दाणे पडायची वाट बघत असल्यागत.
दुसरा फिरता. खरंच फिरता.
दुपारनंतर ऊन तिरकं झालं की
मी स्वतः बघितलाय त्याला फिरताना.
तिसरा थांबलेला,
जेवण झाल्यावर माणूस भिंतीला टेकतो तसा.

गिरणीवाला विश्वंभर म्हणाला,
पेंटर, तिन्ही सारखे कामून नाहीत?
चाचा म्हणाले, दळण सारखं असतंय का?
ज्वारी येगळी, हरभरा येगळा.
विश्वंभरनं दहा रुपये कापले.

मी सतरा वर्षांचा होतो.
मला ते दहा रुपयेच दिसले.

त्या साली एक सिनेमा आला,
त्याच्या नावातून रक्त ठिबकायचं.
अख्ख्या उदगीरला ठिबकती अक्षरं पाहिजे झाली:
सलूनला, रसवंतीला,
चौबाऱ्याजवळच्या एका दवाखान्यालासुद्धा.
मी लिहिली. दवाखान्याचीही लिहिली.
पुढच्या साली बर्फाची अक्षरं आली.
कुल्फीवाल्याला शोभली,
पण वीटभट्टीवाल्यालाही बर्फच हवा होता.
मग आगीची. मग सोन्याची.
मी मोटारसायकल घेतली.
चाचांची सायकल, दांडीला बांधलेली शिडी,
मागून घंटी वाजवत यायची, मी पुढं निघून जायचो.

एकदाच विचारलं त्यांनी,
व्यंकट, तुझं अक्षर कंचं रे?
म्हणालो, जे चालतंय ते.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवला,
खारीच्या केसांचा, बारका,
बोटांनी पिळून काढला.
चालणारं चालत जातंय बाबा, म्हणाले.
ऱ्हातंय कोण?

मला वाटलं, म्हातारा जळतोय.

मग फ्लेक्स आलं.
माझ्या कॉम्प्युटरात दोन हजार अक्षरं, तयार,
एकालाही माझा हात लागलेला नाही.
परवा हंडरगुळीकडं जाताना बघितलं,
कडब्याच्या गंजीवर माझं एक फ्लेक्स, उलटं टाकलेलं.
आगीची अक्षरं खाली डोकं वर पाय,
आणि एक शेळी त्यांना पाठ घासत होती.
वाईट नाही वाटलं. कडबा कोरडा राहिला.
फक्त, कुठल्या वर्षीची आग ही,
मला आठवेना.

त्याच दिवशी स्टँडवर
एक म्हातारी रिक्षावाल्याला म्हणाली,
जात्याच्या भिंतीपाशी सोड.
त्यानं बरोबर मान हलवली. मलाच कळेना.
गाडी मागं घातली.
ती उतरली गिरणीपुढं, डोक्यावर ज्वारीचा डबा,
भिंतीकडं न बघता आत गेली.

तिला वाचता येत नाही.
ती वीस वर्षं वाचते आहे.

रात्री दुकान बंद करून
एका फाटक्या फ्लेक्सच्या पाठीवर ब्रश टेकवला.
पहिला ळ रक्ताळला.
पुसला. दुसरा गारठला.
हात माझा, वळण भाड्याचं.
मग चाचांचा काढून बघितला, हुबेहूब जमला,
आणि जमला म्हणूनच तोही पुसला.
त्यांचं दळण त्यांचं.

दीडच्या सुमारास एक आला,
डावीकडं झुकलेला, एक गोल मोठा, एक बारका,
जड पोतं एका खांद्यावर घेतल्यासारखा.
कुठल्याच सिनेमात नव्हता.
चांगला आहे का, ठाऊक नाही.
सकाळी एक पोरगा येणार आहे
नव्या सिनेमाचं अक्षर मोबाईलवर घेऊन.
त्याला काय सांगायचं तेही ठाऊक नाही.

पंखा बंद केला.
वाळू दिला.