शून्य नोंदी सापडल्या

संडरलंडच्या बस डेपोमागे सात पायऱ्या उतरलं
की हरवलेल्या वस्तूंची खोली लागते.
हीटर एकच, तोही स्वतःपुरता तापणारा.
तिथे बसून मी रकाने भरते:
तारीख, मार्ग, आसन, वर्णन.
वर्णनात दोनशे अक्षरं मावतात.

मंगळवारी डोरीन हॅझवेलबाईंचा फोन आला.
हार्मोनिका. नवऱ्याची. सव्वीस नंबरची बस.
केव्हा हरवली?
"अकरा वर्षं होतील, पोरी."
तेव्हा स्टॅन म्हणाला होता, जाऊ दे, दुसरी घेऊ.
ती घ्यायची राहिली.
मागच्या महिन्यात स्टॅनही.

नियम तीन महिन्यांचा आहे.
मी तो सांगितला नाही.

हार्मोनिका टाइप केलं.
शून्य नोंदी सापडल्या.
माउथ ऑर्गन: एक. प्लास्टिकची, गुलाबी, गेल्या नाताळातली.
मग नुसतं ऑर्गन, दोन्ही बाजूंना टक्क्याची चिन्हं लावून,
म्हणजे मागेपुढे काहीही चिकटलेलं चालेल,
तर मॉर्गन नावाच्या बाईंची पर्स आली,
ऑर्गनायझर डायऱ्या आल्या,
आणि अवयवदानाची नऊ कार्डं.

यंत्राला वस्तू कुठे ठाऊक असते.
ते अक्षरं जुळवतं, आमच्याकडे पत्रिका जुळवतात तशी,
आणि याला छत्तीसच्या छत्तीस गुण लागतात.

त्या सालच्या नोंदी आल्फ थर्लवेलच्या.
मी लागायच्या आधीच तो निवृत्त झाला,
त्याचा टवका उडालेला मग अजून खिडकीत आहे, पेनांनी भरलेला.
शोधणं सोडलं आणि त्याला वाचायला घेतलं,
जेवणाच्या सुटीत, सँडविच डाव्या हातात,
अकराशे चाळीस ओळी.

"छत्री. हिने बरेच वारे पाहिलेत."
(छत्रीच्या स्पेलिंगमधला एक एल आल्फ नेहमी गाळायचा,
त्यामुळे त्याची एकही छत्री आजवर
कुणाच्या शोधात आलेली नाही.)
"हातमोजा, डावा, लहान मुलाचा. आत वाळू."
"खालची कवळी. मालक सध्या सूपवर असावा."
"पाकीट, चिकटवलेलं. उघडलं नाही. उघडावंसं वाटलं."

गुरुवारी, आठशे बाराव्या ओळीवर:
"गॉब-आयर्न. डबीसकट. वाजवून पाहिली, माफी असावी."

मी कँटीनमधल्या शेरलला विचारलं.
ती हसली. गॉब म्हणजे थोबाड, गं.
थोबाडातलं लोखंड.
ओठांवरून हात फिरवून दाखवला तिने, डावीकडून उजवीकडे,
तेव्हा कळलं.

फळी सी, सगळ्यात खाली, वायरींच्या खोक्यामागे.
'विल्हेवाट' हा रकाना आल्फने कोरा ठेवलेला.
विसरला म्हणावं, तर तो विसरणारा वाटत नाही.

शुक्रवारी हॅझवेलबाई आल्या, रेनकोट न काढता बसल्या.
डबी उघडली. आत तंबाखूची एक काडी होती.
झाकण परत लावलं.
नोंदवहीत काय लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं,
तर म्हणाल्या, अगंबाई, स्टॅनही हेच म्हणायचा की.
हार्मोनिका कधीच म्हणाला नाही.
मलाच वाटलं, ऑफिसात फोन करतोय तर
नीट शब्द वापरावा.

त्या गेल्यावर मी नोंद उघडली.
परत केली, तारीख, सही.
आणि वर्णनात, आल्फच्या शब्दांना हात न लावता,
पुढच्या कुणासाठी तरी जोडत गेले:
हार्मोनिका. माउथ ऑर्गन.
दोनशेतली थोडी अक्षरं उरत होती,
म्हणून भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला माझ्या भावाचा शब्द,
जो घरात सगळ्यांच्याच तोंडी बसला होता:
फुंकणी.

सेव्ह केलं. परत उघडलं.
यंत्राला आपली लिपी येत नाही.
तिथे होतं: ??????

मोजून पाहिली. सहा.
फ, उकार, अनुस्वार, क, ण, दीर्घ वेलांटी.
एकही गळालेलं नव्हतं.