रकाना

लातूरच्या गंजात, तुरीच्या धुळीत
मी वजनकाटा मांडला. काचेचा, घरगुती.
इराप्पा हमाल चपला काढून चढले,
गाभाऱ्यात शिरावं तसे.
चौऱ्याऐंशी.

उंची पाच फूट तीन. विम्याच्या तक्त्यात
हा माणूस लाल चौकोनात बसतो,
हप्ता दीडपट.

व्यायाम करता का? विचारावंच लागतं.
मागं कट्ट्यांची थप्पी, छतापर्यंत.
"न्हाई बाई," म्हणाले, "येळ कुठं घावतो?"

तंबाखू?
हात आपसूक खिशावर गेला.

सकाळी बिडवे मॅडम म्हणाल्या होत्या,
मी पहाटे चार किलोमीटर चालते, साखर सोडली,
दुसऱ्याच्या पुडीचे पैसे मी का भरू?
खोटं नव्हतं त्यांचं.
मला काही सुचलं नाही,
मी त्यांचा रक्तदाब घेतला.

इराप्पांच्या मानेखाली गाठ आहे, लिंबाएवढी,
कट्ट्यांनी घडवलेली.
ती वजनात धरायची की व्यायामात?
पेन तिथंच अडलं.

"उतरा की मामा."
उतरेनात. आकड्याकडं बघत राहिले,
मग खिशातली पुडी काढून
माझ्या तळहातावर ठेवली.
"आता बगा," म्हणाले,
"झालं का कमी?"